दिवाळीचे फटाके : राजाच्या मैदानातून चाळीच्या चौकात कसे आले, आणि वाजवताना किती लांब उभं राहायचं?

सीएसएमटीवरून हार्बरची लोकल पकडली की मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड आणि मग कॉटन ग्रीन. रे रोडला समुद्राच्या बाजूला उतरलात की जो भाग लागतो त्याचं नाव दारूखाना. नवीन माणूस नाव ऐकून हसतो. पण इथली दारू प्यायची नाही, ही बंदुकीची दारू. शेजारच्या माझगावात आजही गनपावडर रोड आहे. जुन्या मराठीत दारू म्हटलं की लोकांना आधी तोफ-बंदूकच आठवायची. 'दारूगोळा' हा शब्द तिथूनच आला आणि दिवाळीच्या फटाक्यांना आपले आजी-आजोबा 'शोभेची दारू' म्हणायचे तेही त्यामुळेच.

कॉटन ग्रीनचंही तसंच. इथलं 'ग्रीन' हिरव्या रंगाचं नाही. ग्रीन म्हणजे मोकळं मैदान. कापसाच्या गाठींचा बाजार आधी फोर्टात, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथल्या 'बॉम्बे ग्रीन'वर भरायचा. १८४४ मध्ये तो कुलाब्याला गेला आणि १९२० च्या दशकात पोर्ट ट्रस्टने भराव घालून तयार केलेल्या शिवडीकडच्या जमिनीवर आला. नाव मात्र सोबत आलं. म्हणजे एका स्टेशनबाहेरच्या भागाला बंदुकीच्या दारूचं नाव, पुढच्या स्टेशनला कापसाचं. आग लवकर पकडणाऱ्या दोन गोष्टी शेजारी शेजारी.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर काय होतं हे मुंबईने एकदा बघितलंय.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलं होतं. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा, आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या हजारो कापसाच्या गाठी. सोन्याच्या विटाही होत्या, त्यांचीच गोष्ट लोक जास्त रंगवून सांगतात. दुपारी गाठींमधून धूर निघायला लागला. बंब आले, पाणी मारलं, पण गाठीच्या पोटात धुमसणारा कापूस वरून मारलेल्या पाण्याने विझत नाही. चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. जळत्या गाठी उडून आजूबाजूच्या वस्तीवर पडल्या. सातशेच्या वर माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच आठवणीत.

आता तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या लवंगी माळेचा आणि या जहाजाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आकाराचा नाही. दारू आणि पेट घेणारी वस्तू यांच्यात अंतर नव्हतं, हे त्या दिवशीच्या आपत्तीचं मूळ होतं. फटाक्यांचा सगळा इतिहास बघितला तर तो याच अंतराचा आहे. आधी ते भरपूर होतं, मग कमी कमी होत गेलं, आणि गेली काही वर्षं कायदे करून ते परत आणायचा प्रयत्न चाललाय.

फटाके रामायणकाळापासून आहेत का?

नाहीत. हा मेसेज दरवर्षी फिरतो म्हणून स्पष्ट सांगून टाकतो. दिवे प्राचीन आहेत, दिवाळी प्राचीन आहे, पण फटाक्याला बंदुकीची दारू लागते आणि तिचा शोध चीनमध्ये साधारण नवव्या शतकात लागला. सोरा, कोळसा आणि गंधक, या तीन गोष्टींचं मिश्रण. पुढे जे प्रमाण पक्कं झालं ते साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. सोरा तापला की ऑक्सिजन सोडतो, म्हणून ही दारू बंद नळीतही जळते. बाहेरची हवा लागत नाही. फटाका एकदा पेटल्यावर पायाखाली दाबून का विझत नाही, याचं उत्तर इथे आहे.

आपल्याकडे हे सगळं कधी आलं, याचा शोध घेणारा माणूस मराठी होता. परशुराम कृष्ण गोडे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत त्यांनी आयुष्य घालवलं. अत्तर घ्या, आणखी काहीही घ्या, गोडे त्याचा संदर्भ कुठल्या पोथीत सापडतो ते शोधत बसायचे. १४०० ते १९०० या काळातल्या भारतातल्या शोभेच्या दारूचा इतिहास त्यांनी एका छोट्या इंग्रजी पुस्तकात मांडला. आज या विषयावर जे काही लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं फिरून फिरून तिथूनच आलेलं असतं.

गोड्यांनी जमवलेले पुरावे असे आहेत. १४४३ मध्ये इराणचा वकील अब्दुर रझ्झाक विजयनगरला होता. तिथल्या महानवमीच्या उत्सवात त्याने दारूकाम पाहिलं. पुढे १५१८ च्या आसपास लिहिणारा पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा गुजरातेतल्या एका लग्नाचं वर्णन करतो, त्यात बाण उडवतात. त्याच सुमाराला ओडिशाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव याच्या नावावर असलेल्या 'कौतुकचिंतामणी' या संस्कृत ग्रंथात शोभेच्या दारूच्या चक्क कृती दिलेल्या आहेत. मराठीत एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त कृष्णाच्या लग्नात शोभेची दारू उडते. कृष्णाच्या काळात ती नव्हती, पण नाथांच्या काळात श्रीमंताघरचं लग्न तिच्याशिवाय होत नसावं. कवी आपल्या काळातलंच लग्न लिहिणार ना.

यातला सगळ्यात भारी किस्सा पेशवाईतला आहे. पेशव्यांच्या बखरीत येतो. महादजी शिंदे सवाई माधवरावांना सांगतात की राजस्थानात कोट्याला दिवाळी चार दिवस चालते, लाखो दिवे लागतात आणि तिथला राजा राजधानीच्या बाहेर दारूची लंका करतो. मध्ये रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि एक मोठा हनुमान, सगळे दारूचे. हनुमानाच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडायला लागतो आणि लंकेतली घरं एकेक करून पेटवत सुटतो. हे ऐकल्यावर पेशव्यांना राहवेना. त्यांनी असाच खेळ पुण्यात करायला सांगितला आणि पर्वतीच्या पायथ्याशी अंधाऱ्या रात्री तो झाला.

यातले दोन शब्द परत वाचा. 'राजधानीच्या बाहेर' आणि 'पर्वतीच्या पायथ्याशी'. त्या काळी पर्वतीखालचा भाग म्हणजे शहराबाहेरचं रान. आणि बत्ती देणारे कोण, तर ज्यांचा तो पिढीजात धंदा होता असे कारागीर. बाकीचे सगळे प्रेक्षक. शोभेची दारू ही लांबून बघायची गोष्ट होती, हातात धरायची नव्हती. लंका पेटली तरी तिच्याजवळ कोणी राहत नव्हतं.

मग ती पोरांच्या हातात कधी आली?

विसाव्या शतकात. त्याआधी फटाके बरेचसे बाहेरून यायचे. आपल्या स्फोटक नियमांच्या इंग्रजी मसुद्यात छोट्या फटाक्यांना आजही 'चायनीज क्रॅकर' म्हणतात, तो त्याच काळाचा शिक्का. १९२३ मध्ये तमिळनाडूतल्या शिवकाशीचे षण्मुग नाडार आणि अय्या नाडार हे दोघे कलकत्त्याला जाऊन काडेपेटी बनवायला शिकून आले. कोरडी हवा, पाऊस कमी, शेतीत दम नाही, हाताला काम हवं. काडेपेटीचा धंदा शिवकाशीत रुजला. मग रंगीत काड्या, मग फुलबाज्या, मग फटाके. १९४० च्या दशकात तिथे फटाक्यांचे मोठे कारखाने उभे राहिले आणि पुढच्या काही दशकांत लक्ष्मी बॉम्ब देशातल्या प्रत्येक गल्लीत पोचला. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्यानेही याच धंद्यात नाव कमावलं.

फटाका स्वस्त झाला ही चांगलीच गोष्ट म्हणायची. राजाची मजा गिरणी कामगाराच्या पोराला मिळाली. लालबाग-परळच्या चाळीत दिवाळीचा बोनस झाला की पोराला नवे कपडे आणि पिशवीभर फटाके, हे ठरलेलं असायचं. एक लवंगी माळ सोडवून एकेक फटाकडी चार दिवस पुरवणारी पिढी अजून आपल्या घरात आहे.

पण या स्वस्ताईची किंमत शिवकाशीत आजही मोजली जाते. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या मुदलीपट्टीच्या एकाच कारखान्यातल्या स्फोटात ३० हून जास्त माणसं मेली. आपल्याकडे ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली, त्यात काम करणाऱ्या बायका गेल्या. वाढदिवसाच्या रीलमध्ये जी चमचम दिसते ना, तीच वस्तू.

आणि दुसरं म्हणजे, मैदान गेलं. कोट्याची लंका शहराबाहेर होती, आपला भुईनळा दोन चाळींच्या मधल्या चौकात आला. वर गॅलरीत वाळत घातलेले कपडे, लाकडी जिने, खाली लावलेल्या बाइक, कोपऱ्यात कुणाचा तरी गॅस सिलिंडर. दारू तीच राहिली, अंतर तेवढं गेलं.

नियम काय म्हणतात?

कंटाळवाणा भाग वाटेल, पण वाचा. एक सूत्र लक्षात आलं की सगळे नियम आपोआप लक्षात राहतात. बहुतेक नियमांत मीटर किंवा तास आहेत. म्हणजे एकतर जागेचं अंतर, नाहीतर वेळेचं.

आधी आवाज. ऑक्टोबर १९९९ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे, फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारे फटाके बनवायला, विकायला आणि वाजवायला बंदी आहे. यातले '४ मीटर' सगळे विसरतात. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे कायद्यात बसणारा बॉम्बही १ मीटरवर उभं राहून वाजवला तर कानाला १३७ डेसिबलच्या आसपास बसतो. चाळीच्या चौकात तर भिंतींवरून आपटून येणारा आवाज वेगळाच. चार मीटर म्हणजे किती? दोन रिक्षा एकामागे एक लावल्या तर त्यांच्या लांबीपेक्षा थोडं कमी. ही मोजायची जागा आहे हं, उभं राहायची नाही. उभं राहायला त्याहून लांब.

मग वेळ. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ आवाजी फटाके बंद केले. २३ ऑक्टोबर २०१८ च्या अर्जुन गोपाल खटल्यातल्या निकालाने आणखी आवळलं: दिवाळीला रात्री ८ ते १०, नाताळ आणि ३१ डिसेंबरला रात्री ११.५५ ते १२.३०. एकमेकांना जोडलेल्या माळा, म्हणजे लडी, बंद. बेरियमचे क्षार बंद. ऑनलाइन विक्री बंद. बेरियमची बंदी ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने पुन्हा ठणकावून सांगितली. मुंबईत नोव्हेंबर २०२३ मध्ये हवा इतकी बिघडली होती की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन आधी ७ ते १० आणि मग चार दिवसांनी ८ ते १० अशी वेळ दिली. हे आदेश दरवर्षी थोडे बदलतात. त्यामुळे फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका, मुंबई पोलीस आणि पालिकेच्या अधिकृत हँडलवर त्या वर्षीचा आदेश बघा.

तर इन्स्टावर 'घरपोच फटाके, आज ऑर्डर उद्या डिलिव्हरी' दिसलं तर ते नियमात बसत नाही. मग कुठून घ्यायचे? परवाना असलेल्या दुकानातून. तात्पुरत्या दुकानांसाठी २००८ च्या स्फोटक नियमांत अंतरंच अंतरं दिलेली आहेत: दोन दुकानांत किमान ३ मीटर, वस्तीपासून ५० मीटर, दुकानांची तोंडं समोरासमोर नकोत, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत, दुकानापासून ५० मीटरच्या आत फटाका वाजवायचा नाही. हे नियम कुणीतरी उगाच लिहिले असं वाटत असेल तर २९ ऑक्टोबर २०१६ आठवा. ऐन दिवाळीत औरंगाबादच्या जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार पेटला आणि बघता बघता शंभराहून जास्त दुकानं राख झाली. आता तुमच्या नाक्यावरचा टेबल मांडलेला स्टॉल डोळ्यांसमोर आणा.

हार्बरवाल्यांसाठी खास. मोहम्मद अली रोड आणि मस्जिद बंदरच्या बाजूला होलसेलमध्ये फटाके घेऊन, कापडी पिशवी छातीशी धरून कॉटन ग्रीन-शिवडीपर्यंत लोकलने आणायची आपल्याकडे सवयच आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा बघून हसू येईल, पण गर्दीच्या डब्यात दाराशी बिडी ओढणारा एक जण आणि तुमची पिशवी, एवढं डोळ्यांसमोर आणलं तरी पुरे.

'ग्रीन फटाके' म्हणजे सेफ ना?

इथेही ग्रीनचा अर्थ वेगळाच आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, हे फटाके विकसित केले आणि २०१९ च्या दिवाळीपासून ते बाजारात आले. त्यांची नावं स्वास, स्टार आणि सफल. राख आणि काही रसायनं कमी केली, काहींमध्ये जळताना पाण्याची वाफ सोडून धूळ खाली बसवायची सोय केली. दावा किती? धुळीच्या कणांत साधारण ३० टक्के घट. शंभरचे सत्तर झाले, शून्य नाही. आवाजही आहेच, उष्णताही आहेच. ग्रीन फुलबाजीनेसुद्धा हात भाजतो.

पाकिटावर नीरीचं चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. हिरव्या शाईत 'इको' छापलंय म्हणून तो ग्रीन फटाका होत नाही. कोड स्कॅन करून बघायला दहा सेकंद लागतात, रील बघताना त्याहून जास्त जातात.

आता धुराचं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०१६ साली एक साधी पण डोळे उघडणारी गोष्ट केली. पोरं फटाका उडवताना जेवढ्या अंतरावर उभी असतात, तेवढ्या अंतरावर हवेतले पीएम २.५ कण मोजले. सगळ्यात वर कोण आलं असेल? बॉम्ब? नाही. नागगोळी. जी आपण सगळ्यात लहान पोराला देतो, 'ही काय करतेय' म्हणून. तिच्या धुरात दर घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत कण सापडले. त्याखाली हजाराची माळ ३८,५४०, फुलबाजी १०,३९०, भुईचक्र ९,४९० आणि भुईनळा ४,८६०. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा आहे ६०. हे जवळून मोजलेले, काही क्षणांचे आकडे आहेत, त्यामुळे थेट तुलना करू नका. पण पोर नागगोळीवर वाकून बघत असतं आणि तेच काही क्षण ते श्वास घेत असतं.

कॉटन ग्रीनच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पलीकडे शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आहे, देशातल्या मोठ्यांपैकी एक. तिथल्या वॉर्डात शेकडो माणसं अर्ध्या फुप्फुसावर श्वास घेत पडलेली असतात. परळच्या बाजूला केईएम, टाटा, वाडिया. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा असतो, त्यात आवाजी फटाका कुठल्याच वेळेला वाजवता येत नाही, ८ ते १० मध्येसुद्धा नाही. परळलाच जनावरांचं जुनं हॉस्पिटल आहे, बाई साकरबाईंच्या नावाचं. दिवाळीत बिथरून पळालेली कुत्री-मांजरं कुठे न्यायची असा प्रश्न पडला तर हा पत्ता लक्षात ठेवा.

वाजवायचेच असतील तर

'फटाके वाजवू नका' असं सांगून लेख संपवणं सोपं होतं. पण तुम्ही वाजवणार आहात हे आम्हाला माहितीये. तर मग.

चौकात नको, गॅलरीत तर अजिबात नको. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून जवळच्या मैदानात जायचं, एकाच मोठ्या माणसाने पेटवायचं, बाकीच्यांनी लांबून बघायचं. पेशव्यांच्या वेळी हेच होतं आणि फार वाईट पद्धत नव्हती. गोदामं, लाकडाच्या वखारी, तेलाचे डेपो यांच्या आसपास वाजवू नका. कॉटन ग्रीन-शिवडी पट्ट्यात हे सगळं आहे, त्यामुळे रॉकेट कुठे जाऊन पडेल याचा विचार करायलाच हवा. दोन टॉवरच्या मधून सोडलेलं रॉकेट वाऱ्याने वाकतं आणि अकराव्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून आत जातं. बाटली कलंडली तर सरळ लोकांत. मोकळं आकाश नसेल तर रॉकेट घेऊच नका, हे आमचं स्पष्ट मत. आकाशात सोडायच्या कागदी कंदिलांवर तर मुंबई पोलिसांनी वेळोवेळी मनाई केलेली आहे.

पेटवायला काडी नाही, लांब उदबत्ती. काडी आखूड असते, आणि वात धरली की नाही हे बघायला माणूस वाकतो. तोंड कधीच फटाक्यावर आणायचं नाही. हात लांब, तोंड बाजूला, एक पाय आधीच मागे. डब्याखाली, करवंटीखाली, बाटलीत फटाका ठेवून वाजवणं म्हणजे घरी हातबॉम्ब बनवणं आहे. त्या डब्याचे तुकडे कुठे जातील सांगता येत नाही, आणि बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची नेमकी तिथेच असते.

फुसका फटाका. चाळीत वाढलेल्या प्रत्येकाला ही आठवण असेल: सकाळी लवकर उठून फुसके फटाके गोळा करायचे, सोलून त्यांची दारू कागदावर काढायची आणि एकदम पेटवायची. भप्पकन जाळ होतो. भुवया जळलेली पोरं प्रत्येक चाळीत असायची, आणि काही पोरं भुवयांवर सुटली नाहीत. दारू नळीत असते तेव्हा निदान वात आपल्याला पळायला वेळ देते. कागदावर तो वेळ शून्य. फटाका वाजला नाही तर त्याच्याकडे जाऊ नका. अर्धा तास सोडा, मग लांबून पाणी ओता.

फुलबाजी. हिच्याबद्दल जास्त लिहितो कारण हिला कोणी घाबरत नाही. जळताना तिचं तापमान हजार अंशांच्या पुढे जातं. पाणी १०० ला उकळतं. दोन-तीन वर्षांच्या पोराच्या हातात आपण ही गोष्ट देतो, वर त्याचा हात धरून गोल गोल फिरवायला लावतो आणि फोटो काढतो. त्या वयाच्या पोराचा हात इतका आखूड असतो की ठिणग्या त्याच्याच पोटावर पडतात. विझलेली तार बराच वेळ तापलेली राहते आणि ती जमिनीवर टाकली की पुढचा पाय अनवाणी पोराचाच असतो. पाण्याची बादली बाजूला ठेवा आणि तार जळून संपली की थेट त्यात. चर्र आवाज आला की पोरांनाही मजा वाटते, सवय लवकर लागते.

कपडे सुती घाला, अंगाबरोबरचे. ओढणी बांधून, घेरदार झगा नको. सुती कपडाही पेटतो, पण नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतो आणि तो काढताना कातडी सोबत निघते. पायात बूट किंवा चप्पल. हाताला सॅनिटायझर लावलं असेल तर आधी साबणाने धुवा.

घरात साठवू नका. जिन्याखाली, मीटरच्या पेटीजवळ, स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, या तिन्ही जागा चाळीत हमखास वापरल्या जातात आणि तिन्ही चुकीच्या. लागतील तेवढेच आणा. गेल्या वर्षीचे उरलेले, दमट झालेले फटाके उन्हात वाळवून वापरणं तर सोडूनच द्या.

आणि बाइक. गल्लीच्या तोंडाशी दुहेरी लावलेल्या गाड्यांमुळे बंब आत येऊ शकत नाही. दिवाळीच्या चार रात्री तरी वाट मोकळी ठेवता येईल.

भाजलं तर

आधी पाणी. नळाचं वाहतं, साधं पाणी, २० मिनिटं. घड्याळ लावून २० मिनिटं, कारण पोर रडत असताना दोन मिनिटंही खूप वाटतात. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, कॉफी पावडर, यातलं काहीही नको. ती उष्णता आत कोंडतात आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. कपडा चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीने कापा. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा आणि निघा. कपड्यांनी पेट घेतला असेल तर पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा किंवा जाड सुती चादर टाका.

डोळ्यात गेलं असेल तर चोळू नका आणि दाबू नका. नुसती राख किंवा दारूची भुकटी गेली असेल तर भरपूर पाण्याने धुवा. पण काही घुसलं असेल, रक्त येत असेल किंवा दिसायला कमी झालं असेल तर धुवायचं नाही, थेंब घालायचे नाहीत. कागदी कप डोळ्यावर हलकेच उलटा धरा, म्हणजे हात लागणार नाही, आणि सरळ हॉस्पिटल. सकाळी बघू, असं म्हणू नका.

कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबाग भागातून केईएम जवळ आहे. भाजलेल्यांसाठी वेगळा विभाग चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि भायखळ्याच्या मसीना हॉस्पिटलमध्ये आहे, डोळ्यांसाठी जे. जे. आहे. अग्निशमन दल १०१, रुग्णवाहिका १०८, काहीच आठवलं नाही तर ११२. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि घरातल्या आजीच्या साध्या फोनमध्येही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चौकात लाल कागदाचा खच पडलेला असतो आणि तो झाडायला पहाटे सफाई कामगार येतात. त्या कचऱ्यात न वाजलेले फटाके असतात आणि फुलबाजीच्या तारा असतात. रात्रीच बादलीभर पाणी त्यावर ओतून ठेवा, तारा वेगळ्या पिशवीत भरा आणि पिशवीवर काय आहे ते लिहा.